दोन खाचा

रानडुक्कर जड आहे, हे मी पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं
आर्वो केस्किटालोला.
तो म्हणाला, असू दे,
लोखंडानं लोखंडासारखंच वागावं.
मग त्यानं सायगा उचलली, खांद्याला लावली,
भिंतीवरच्या हरणाच्या काचेच्या डोळ्यावर नेम धरला
आणि म्हणाला, पण ही बघ कशी ऐकते.

दोघी रशियाच्या. एकाच आजोबाच्या नाती,
चुलत, आणि चुलत असतात तशाच
एकमेकींवर खार खाऊन.
एक इझेव्स्कची, दुसरी व्यात्स्की पोल्यानीची.
आमच्या दुकानात दोघींमध्ये एका खिळ्याचं अंतर.
सायगाचा पत्रा पातळ, रंग घाईत मारलेला,
चाप ओढताना वाटावं, चिखलातून बूट काढतोय.
वेपर, म्हणजे डुक्कर: पत्रा दीडपट, नळी जाड,
अक्रोडाचा दस्ता, त्यावर कुणीतरी मन लावून हात फिरवलेला.
तिला साडेतीनशे डॉलर. हिला दहा कमी सातशे.

दोन वर्षं.
दर शनिवारी बूट आपटून बर्फ झाडायचा,
कॉफी ओतून घ्यायचा, माझीच,
आणि दोन्ही तळव्यांवर दोघींना तोलायचा,
जसा मुलगी दाखवायला आलेला बाप
दोन स्थळं तोलतो.
मी म्हणायचे, आर्वो, हरणं म्हातारी होतील.
तो म्हणायचा, लोइस, माझ्या बापानं एक आख्खा हिवाळा
बर्फात पालथं पडून
यांच्यावर गोळ्या झाडल्या.
त्यांची बंदूक घ्यायची तर
विचार करून घ्यायला नको?

जुलैत वॉशिंग्टनहून यादी आली.
यादीत इझेव्स्क होतं.
शुक्रवार दुपारपर्यंत विस्कॉन्सिनच्या पाट्या लावलेल्या गाड्या
थेट पेट्रोल पंपापर्यंत उभ्या.
एकानं चार घेतल्या, एकही हातात न धरता;
दुसऱ्यानं विचारलं, याला गोळी कुठून घालतात?
डुकराचं नाव यादीत नव्हतं,
पण भीतीला वाचता येत नाही,
तीही खपली.
साडेतीनशेचे आठशे झाले,
आणि आठशे देणारा हसत गेला.

एक वेपर मी मागच्या खोलीत ठेवली,
होडीच्या ताडपत्रीखाली,
कागदावर त्याचं नाव लिहून.
का, ते विचारू नका.
तो नेहमी तिला शेवटी खाली ठेवायचा,
एवढंच बघितलं होतं मी.

आर्वो आला ऑक्टोबरच्या शेवटी.
उजवा खांदा उघडून शिवलेला, हात झोळीत.
मी ताडपत्री काढली.
त्यानं झोळीतून हात सोडवला, तिला उचललं,
एक श्वास, दुसरा,
तिसऱ्याला नळी काउंटरवर टेकली,
आवाजही न होता.
हिची धाकटी आहे का? त्यानं विचारलं.
शेवटची गुरुवारी गेली, मी म्हटलं.

राग आला मला. आता नाही येत.
ताडपत्रीकडे बघत तो म्हणाला,
सायगा म्हणजे असतं तरी काय गं, नक्की?
गवताळ माळावरचं हरीण, मी सांगितलं,
भाच्याच्या शाळेत चित्र आहे,
नाक असं, जणू जन्मभर पडसं झालंय.
तेव्हा तो हसला,
दोन वर्षांत पहिल्यांदा,
इतका, की टाके दुखले.

वेपर मार्केटच्या दातांच्या डॉक्टरनं नेली,
अकराशेला, दस्त्याकडे न बघता.

आर्वो अजून येतो.
कॉफी ओततो, रॅकसमोर उभा राहतो,
एका खाचेकडे बघतो, मग दुसरीकडे.
डुकराच्या खाचेत मी मासेमारीची काठी लावलीय,
ती विकली जाते, पुन्हा लावते.
सायगाची तशीच आहे.
परवा एका मुलानं विचारलं, इथं काय ठेवता?
मी किंमत सांगितली.
जुनी.